‘मशीन ठीक आहे’ असं फोनवर म्हणालो, त्याविषयी

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार (अगदी पायांपर्यंत वाकता आलेलं नाही, कंबरेचं कारण पुढे येईल).

तुमचा गुडघा कसा आहे? तिथल्या जिन्याला कठडा बसवून घेतलात का? दादाचा खोकला पूर्ण बरा आहे असं तो स्वतः म्हणाला, त्यावरून तो अजिबात बरा नाही असं मी धरून चाललो आहे. त्याला सांगा, औषध बाटलीत राहून काम करत नाही. लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. नातीचे पुढचे दात आले का ते जरूर कळवा. (मी कुणाच्या दातांची चौकशी करणाऱ्यांतला नव्हे, हे तुमच्या लक्षात येईलच. अलीकडे करतो. त्याचंही कारण पुढे येईल. या पत्रात बरीच कारणं पुढे यायची आहेत, तेव्हा चहा घेऊन बसा आणि दादाला बाजारात पाठवा.)

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्याकडचा फोन दादा उचलतो, उचलल्या उचलल्या स्पीकरवर टाकतो, आणि मग मी काय सांगणार आहे ते तोच मला सांगतो. गेल्या महिन्यात त्याचं बोलणं चालू असताना तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडून विचारलंत, “भाऊजी, मशीन ठीक आहे ना?” आणि मी म्हणालो, “ठीक आहे.” वहिनी, तुम्ही या घरात आलात तेव्हा मी तिसरीत होतो. गणिताचा पेपर कसा गेला, या प्रश्नाला मी ‘ठीक आहे’ म्हणालो होतो, तेव्हा तुम्ही उठून दादाच्या नजरेआड माझं प्रगतिपुस्तक ठेवलं होतं. सायकलवरून पडलो तेव्हाही ‘ठीक आहे’ म्हणालो होतो आणि हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं निघालं होतं. तेव्हा फोनवरचं ‘ठीक आहे’ ऐकून तुम्ही काय ते समजला असालच. मशीन ठीक नव्हतं. मशीननं मान टाकली होती.

आता पहिल्यापासून सांगतो. तुम्ही दोघं लेकीकडे राहायला गेलात त्याला चार वर्षं झाली. जाताना तुम्ही मशीनच्या वरच्या भिंतीवर नऊ सूचनांचा कागद चिकटवून गेलात, तो अजून आहे. (सातव्या सूचनेत ‘खिसे’ऐवजी ‘किस्से तपासून टाकावेत’ असं पडलं आहे. जन्मभर छापखान्याची प्रुफं तपासून पोट भरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना ते रोज टोचतं, पण तुमच्या अक्षराला लाल शाई लावायला हात होत नाही.) चारही वर्षं मी त्या सूचना तंतोतंत पाळल्या. पावडर अर्धाच चमचा. जाड चादर एका वेळी एकच. धुणं झाल्यावर दार उघडं, म्हणजे रबराला वास येत नाही. पण मागच्या हिवाळ्यात पिळायची वेळ आली की मशीन असा आवाज काढू लागलं, की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन आभाळाकडे बघायची. नंतर ते चालायला लागलं. गंमत म्हणून सांगत नाही. भिंतीपाशी लावून बाहेर यावं आणि तासाभरानं जाऊन बघावं, तर स्वारी बाथरूमच्या मध्यावर उभी. मी ढकलून परत जागेवर न्यायचो. पायाखाली पुठ्ठे घातले, रबरी चटई घातली, एकदा वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. खंडांसकट चाललं.

आणि मग तो सोमवार उजाडला. सकाळचे अकरा वाजले होते. मशीन लावून मी स्वयंपाकघरात टेबलाशी रेल्वेच्या वेळापत्रकाची प्रुफं बघत बसलो होतो. (त्यात एक गाडी निघण्याच्या वीस मिनिटं आधी पोचत होती, त्यामुळे माझं सगळं लक्ष तिच्याकडे.) पिळण्याचा आवाज सुरू झाला, वाढला, मग धाडकन काहीतरी आपटलं, आणि मग पाण्याचा आवाज. उठून बघतो तर बाथरूमचं दार उघडेना. ते दार आत उघडतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मशीन चालत चालत दारापर्यंत आलं होतं आणि आतून दाराला टेकून उभं राहिलं होतं. येता येता नळाचा पाइप उपसून आलं होतं, त्यामुळे नळ मोकळा सुटला होता. जोर लावला तर चार बोटांची फट पडली. फटीतून मशीनची गोल काच दिसत होती. माझा निळा शर्ट काचेपाशी आला, बाही हलवली आणि पुन्हा आत गेला. दाराखालून फेस माझ्या चपलांपर्यंत पोचला. मी काय केलं असेल? मी फटीतून मशीनला म्हणालो, “अगं, सरक ना जरा.” तुम्ही हसाल, पण त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई. तुम्ही गेल्यावर अडीच वर्षांनी त्या राहायला आल्या, म्हणून तुमची गाठ पडलेली नाही. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देण्याचं त्यांचं काम आहे. पुढच्या खोलीतच त्यांची कार्यशाळा. तोवर आमचा संबंध जिन्यात एकमेकांना वाट देण्यापुरताच होता. त्या मला ‘वरचे’ म्हणायच्या, मी त्यांना ‘खालच्या बाई’. तर खालच्या बाई दारात उभ्या, कोपरापर्यंत पांढरं प्लॅस्टर, अंगात एप्रन, आणि तळहातावर प्लॅस्टरचा एक ओला जबडा. म्हणाल्या, “अहो, तुमचं पाणी माझ्या दातांवर पडतंय.”

मी त्यांच्या दातांकडे पाहिलं. दात कोरडे होते. हे मी म्हणायला नको होतं, पण म्हणालो.

त्यांनी तो जबडा माझ्या हातात दिला आणि सरळ आत आल्या. फेस पाहिला, फट पाहिली, आणि पहिल्यांदा जाऊन विजेचा मेन स्विच बंद केला. (मी तोवर ओल्या चपला घालून ओल्या दाराला खांदा लावत होतो. माझ्या डोक्यात वीज हा विषयच नव्हता.) मग विचारलं, “पाण्याचा मेन कुठे आहे?” म्हटलं, “गच्चीत.” “मग तुम्ही इथे कशाला उभे आहात?” मी गच्चीत धावलो. तिथे सहा नळ, एकावरही नाव नाही. मी सगळे बंद केले. सहा घरांचं पाणी गेलं, पण आमचंही थांबलं. त्यानंतर तासभर जिन्यातून साबण लावलेली माणसं चौकशीला येत होती. सगळ्यांना त्यांनीच उत्तरं दिली, कारण माझ्या हातात जबडा होता.

दार उघडायला आम्ही दोघांनी खांदे लावले. त्या एक, दोन, तीन मोजायच्या आणि मी दोनलाच ढकलायचो. दोनदा असं झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही मोजा, मी ढकलते.” मी मोजलं आणि पुन्हा दोनलाच ढकललं. शेवटी फेसावरून मशीन जे घसरलं, ते एकदम. दार उघडलं, मी आत गेलो आणि त्याच झटक्यात बसलो. कंबरेचं कारण ते हे. बाई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या आणि इतक्या हसल्या, की त्यांना तोंडावर प्लॅस्टरचा हात धरावा लागला. मिशा उमटल्या. वहिनी, तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं हसल्याचं मला तरी आठवत नाही.

पण खाली जाऊन पाहिलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. छताला ओलीचा हा एवढा डाग, आणि त्याच्या बरोबर खाली फळीवर ठेवलेले प्लॅस्टरचे बावीस जबडे ओले. अकरा माणसांचे. जबडे फुटले नव्हते, पण त्यांच्यावर पेन्सिलीनं लिहिलेले नंबर धुऊन गेले होते. कुणाचा वरचा आणि कुणाचा खालचा, काही कळायला मार्ग नाही. त्यांपैकी दोन जबडे एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांचे होते. त्यांच्या शाळेनं त्यांना रविवारी भाषणाला बोलावलं होतं आणि त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. बाई खुर्चीत बसल्या. आता त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, “अकरा माणसं जेवायची थांबलीत हो.”

मी तीस वर्षं दोन कागद शेजारी ठेवून त्यांतला फरक शोधतो आहे. दुसरं काही येत नाही मला. म्हटलं, “मला बसू द्या.” आणि बसलो. एक वरचा घ्यायचा, एक खालचा घ्यायचा, कडा बघायची, झीज बघायची, कुठे एका बाजूनं जास्त चावायची सवय आहे ते बघायचं. (माणसं किती वाकडी चावतात याची तुम्हाला कल्पना नाही.) कंबरेला गरम पाण्याची पिशवी बांधून दुपारी चारपर्यंत नऊ जोड्या लावल्या. बाईंनी एकेक तपासली, कुणाची ते ओळखून पुन्हा नंबर घातला; एकही चुकली नव्हती. उरलेले चार काही सुटेनात. कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर बसायचा. मी हात टेकले. मग बाईंनी वही उघडली आणि कपाळावर हात मारला. ते दोघे जुळे भाऊ होते. त्यांना बोलावून प्रत्यक्ष बघावं लागलं. मुख्याध्यापकांचं भाषण झालं आणि, ते स्वतः सांगून गेले त्याप्रमाणे, एकही शब्द निसटला नाही.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे मशीनकडे येतो. बाईंनीच एक मेकॅनिक पाठवला. पन्नाशीचा माणूस, बोलणं फार कमी. मशीनवर तळहात ठेवतो, आतलं पिंप हातानं फिरवतो आणि ‘हं’ म्हणतो. हे ‘हं’ तीन प्रकारचं असतं: बरं आहे, बरं नाही, आणि आता माझ्याकडे बघू नका. आम्हाला तिसरं मिळालं. त्यानं विचारलं, “किती वर्षं झाली?” म्हटलं, “वीस.” तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं बघून म्हणाला, “साधारण दहा-बारा वर्षं धरतात हो. सांभाळून वापरलं तर पंधरा. वीस म्हणजे तुमच्या बायकोनं फारच जपलं.” म्हटलं, “वहिनींनी.” तो पुन्हा ‘हं’ म्हणाला. (हे चौथं होतं. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.)

मग त्यानं मला जमिनीवर बसवून नीट समजावलं, ते तुमच्यासाठी लिहून ठेवतो, तुमच्या लेकीलाही उपयोगी पडेल. पट्टा तुटला, पाणी बाहेर टाकणारा पंप बिघडला, पाइप फाटला, दाराचं रबर गेलं, तर दुरुस्त करावं. त्यासाठी मशीन टाकू नये. पण पिंप ज्यावर फिरतं तो बेअरिंग गेला, पिंप डगमगायला लागलं, पत्रा आतून गंजला, कपड्यांवर तांबडे डाग पडायला लागले, तर विचार करावा. मशीन आठ-दहा वर्षांच्या पुढचं असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. आमच्या मशीनचा बेअरिंग पार गेलेला, दणके सोसणारे खालचे दांडे गेलेले, आणि त्या मॉडेलचे भाग निघायचे बंद होऊन सात-आठ वर्षं झालेली. “बदला,” तो म्हणाला आणि निघाला. दारात थांबून पुन्हा वळला, मशीनला हलकेच एक थाप दिली आणि मग गेला.

मी दुकानातही जाऊन आलो, वहिनी. कुणी म्हणायला नको की प्रयत्न केला नाही. विक्रेता पोरसवदा पण अतिशय नम्र. विचारलं, “घरात माणसं किती?” म्हटलं, “एक.” त्यानं इतक्या सहानुभूतीनं मान हलवली, की मी उगाच “तसे पाहुणे येतात” असं म्हणून गेलो. त्यानं मला एक मशीन दाखवलं, ते धुणं झाल्यावर गाणं म्हणतं. दुसरं दाखवलं, ते मालकाच्या फोनवर निरोप पाठवतं. म्हटलं, “मला कुणाचे निरोप येत नाहीत, तेव्हा हे बरं पडेल, पण हे टिकेल किती वर्षं?” तो म्हणाला, “मोटरीची दहा वर्षांची हमी आहे.” “आणि मोटर सोडून बाकीच्याची?” “दोन.” मी हमीपत्र वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर दोन चुका. ‘बिघाड’ऐवजी ‘बिघडा’ असं छापलं होतं, म्हणजे ग्राहकाला आज्ञाच. तेवढं त्यांना दाखवून मी काढता पाय घेतला.

मधले काही दिवस मी कपडे हातानं धुतले. इथे मला एक गोष्ट लिहायची आहे आणि ती विनोदी नाही. पहिल्या दिवशी एक चादर आणि तीन शर्ट धुतले. चादर पिळताना मनगटात जी कळ आली, ती दुसऱ्या दिवशी पेन धरू देईना. मग आठवलं, की तुम्ही मशीन आणायचं ठरवलंत त्या वर्षी तुमच्या दोन्ही मनगटांना पट्टे होते. मी तेव्हा चौतीस वर्षांचा घोडा होतो. त्याआधी सव्वीस वर्षं माझे शर्ट तुम्ही हातानं धुतलेत. शाळेचे, कॉलेजचे, छापखान्याचे, शाईच्या डागांचे. पट्टे बघून मी तुम्हाला विचारलं होतं, “वहिनी, हात दुखतात का?” आणि तुम्ही म्हणाला होतात, “ठीक आहे.” मी ते खरं मानून कामावर गेलो होतो. एवढी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी सोडलेली नाही. उशीर झाला आहे, तरी लिहितो: तुमच्या हातांना माझा नमस्कार.

बरं, हातानं धुणं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी खालच्या बाई जिन्यात भेटल्या, माझी पट्टी बांधलेली मनगटं पाहिली आणि म्हणाल्या, “माझं मशीन आठवड्यातले पाच दिवस रिकामं असतं. बुधवारी आणि शनिवारी कपडे घेऊन या. पंचावन्न मिनिटं लागतात.” तेव्हापासून बुधवार आणि शनिवार मी बादली घेऊन खाली जातो. बादलीत काय न्यावं हाही प्रश्नच होता. आतले कपडे मी वरच हातानं धुवायचो आणि कपाटाच्या दारामागे वाळवायचो. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, “तुम्ही बनियन वापरत नाही का?” म्हटलं, “वापरतो.” “मग ते वाळवता कुठे? दोरीवर कधी दिसत नाहीत.” पुढच्या शनिवारी बनियनही आले. त्यांतल्या दोनांना इतकी भोकं होती, की बाईंनी ते न विचारता जबडे पुसायला ठेवून घेतले.

ती पंचावन्न मिनिटं मी तिथेच बसतो. त्या कोरीव काम करत असतात, मी प्रुफं नेतो. त्या चहा करतात, कप मी विसळतो. बोलणं होतं, कधी होतही नाही. एखादा दात माणसाच्या चेहऱ्याला शोभेल का, असं विचारतात. मी म्हणतो, मला जरा लांब वाटतो. मग त्या घासून कमी करतात आणि म्हणतात, “बरोबर होतं तुमचं.” एकदा मशीन थांबलं तरी आम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही. कपडे आत तसेच पिळलेले, आणि घड्याळात दोन तास होऊन गेलेले. एकट्या माणसाचे कपडे आठवड्याला असे किती निघणार? बुधवारी बादली भरावी म्हणून हल्ली मी सकाळ-संध्याकाळ शर्ट बदलतो. गेल्या आठवड्यात कपाटातले इस्त्री केलेले दोन शर्ट घड्या मोडून बादलीत टाकले. पडदे दोनदा धुऊन झाले.

तर वहिनी, हा असा सगळा प्रकार. मशीन तुमचं, तुम्ही निवडून आणलेलं. तुम्हाला विचारल्याशिवाय ते भंगारात घालायचा मला अधिकार नाही. बदलू की राहू देऊ, हे दोन ओळींत कळवावं, एवढ्यासाठी हे पत्र. दादाला जपा, स्वतःला त्याहून जास्त जपा. नातीला नव्या दातांनी जे हवं ते चावू द्या.

तुमचा,
अजूनही तुमच्याच हाताखालचा,
धाकटा दीर

ता. क. एक तपशील वर राहून गेला. मशीन चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी तो मेकॅनिक न बोलावता आला, हातात पिशवी. कुठल्या तरी घरी आमच्याच मॉडेलचं मशीन मोडीत निघालं होतं, त्यातला बेअरिंग आणि दांडे तो काढून घेऊन आला होता. चार तास बसून बसवले. वर्ष-दोन वर्षं सहज जातील म्हणाला. मशीन आता जागचं हलत नाही. तेव्हा बदलण्याचा प्रश्न तसा तातडीचा नाही.

ता. क. २. मग पत्र कशाला लिहिलं, असं तुम्ही विचाराल. मशीन दुरुस्त झाल्याचं मी खाली सांगितलेलं नाही. बादली अजून खालीच जाते. जाड चादरी तेवढ्या वर धुतो, कारण त्या जिन्यातून नेताना कंबर धरते. हे खोटेपणाचं आहे हे मला कळतं. तीन आठवडे मी रोज सकाळी ठरवतो की आज सांगायचं, आणि बुधवार येतो.

ता. क. ३. स्पष्टच लिहितो. वहिनी, तुम्ही माझ्यासाठी स्थळं बघणं मी पंचेचाळीस वर्षांचा झाल्यावर सोडलंत. आता चोपन्नाव्या वर्षी मीच तुम्हाला विनंती करतो आहे, की चार दिवस इकडे या. बाई एक्कावन्न वर्षांच्या आहेत, एकट्या आहेत, मनानं आणि हातानं सरळ आहेत. तुम्ही येऊन त्यांच्याशी बोला. मला जमणार नाही. मी दोनलाच ढकलेन. आणि दादाला आधी तुम्ही सांगा, मला फोनवर सांगायला लावू नका. तो हसेल. हसू द्या, पण खोकल्याचं औषध देऊन मग सांगा.

ता. क. ४. पाकीट बंद करायच्या आधी हे लिहितो आहे. आज बुधवार. आत्ता बाई वर आल्या. मी बादली घेऊन निघतच होतो. म्हणाल्या, “काल तुम्ही चादर धुतलीत ना? मला खाली आवाज येतो. तीन आठवडे येतोय.” मी म्हटलं, “मग तुम्ही बोलला का नाहीत?” म्हणाल्या, “तुम्ही तरी कुठे बोललात?” वहिनी, मी टेबलावरचं हे सगळं पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्या समोरच्या खुर्चीत बसून वाचताहेत आणि मी हा वेगळा कागद घेऊन लिहितो आहे, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागणार नाही. तिसऱ्या पानावर आहेत. हसल्या. कुठे हसल्या ते कळलं नाही. आता तुमच्या मनगटांपाशी आल्या असाव्यात, कारण पदरानं डोळे पुसले. पान उलटलं. आता शेवटचं पान. आता त्या पेन मागताहेत.

सौ. वहिनींना नमस्कार. आपली ओळख नाही, पण पत्र वाचून झाली. छताच्या डागाचं त्यांनी लिहिलं आहे तेवढं काही मोठं नाही. तुम्ही आणि दादा दोघंही या, गुडघ्याला जिना नको म्हणून खाली माझ्याकडेच उतरा. माझं उत्तर ‘हो’ आहे. त्यांनी मला अजून काही विचारलेलं नाही; पण तुम्ही यायच्या आत विचारतील असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतंय.

— खालच्या बाई